पाठ 12 : घटकेत ऊन, घटकेत बर्फ

विषय : अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातला मार्च महिना

वाचण्यापूर्वी

आधी या तीन प्रश्नांचा विचार करा. उत्तरं लिहायची नाहीत, फक्त मनात म्हणायची. जमलं तर मराठीत.

1. सकाळी घातलेला जाड कोट दुपारी हातात धरून घरी आणावा लागला, असं तुमचं कधी झालंय का?
2. 'चक्रीवादळ' आणि 'टोर्नेडो' या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे का?
3. भोंगा वाजला आणि घरात पाहुणे आलेले आजी-आजोबा असले, तर त्यांना काय करायचं ते मराठीत पटकन सांगता येईल का?

तिसरा प्रश्न लक्षात ठेवा. हा पाठ मुख्यतः त्यासाठीच आहे.

भाग 1 : चाळीस डिग्री म्हणजे थंड की गरम?

समजा, तुम्ही कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात राहता. मार्चचा पहिला आठवडा आहे. नागपूरहून आजीचा फोन येतो.

"काय गं, हवा कशी आहे तिकडे?"

"बरी आहे आजी. आज चाळीस डिग्री आहे."

"अगं बाई! मार्चमध्येच चाळीस? उन्हात फिरू नकोस हं. बाहेर जाताना खिशात कांदा ठेव, आणि घरी आलीस की पन्हं पी."

तुम्ही तर अंगात स्वेटर घालून बसला आहात. मग चुकलं कोण? कोणीच नाही. तुम्ही फॅरनहाइटमध्ये बोललात आणि आजीने सेल्सियसमध्ये ऐकलं. नागपुरात चाळीस डिग्री म्हणजे रणरणतं ऊन. विचिटात चाळीस डिग्री म्हणजे फक्त चार अंश सेल्सियस, म्हणजे चांगलीच थंडी.

आजीशी बोलताना एक सोपा हिशेब करा. फॅरनहाइटच्या आकड्यातून 30 वजा करा आणि उरलेल्याचे निम्मे करा. 40 मधून 30 गेले, राहिले 10. त्याचे निम्मे 5. खरं उत्तर 4.4 आहे, पण फोनवर बोलायला पाच पुरेसं आहे. 70 असेल तर? 70 वजा 30 म्हणजे 40, निम्मे 20. खरं उत्तर 21. चालेल.

पण आजीला एक आकडा सांगून भागत नाही, कारण मैदानी प्रदेशात मार्चमध्ये एक आकडा टिकत नाही. सोमवारी दुपारी 75, मंगळवारी रात्री 25 आणि वर बर्फ, गुरुवारी पुन्हा 65 : असा आठवडा आला तर तिथे कोणाला नवल वाटत नाही.

महाराष्ट्रात म्हणतात, "होळी जळाली, थंडी पळाली." फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटते आणि त्यानंतर थंडी बहुतेक परत येत नाही. इंग्रजीतही मार्चबद्दल एक म्हण आहे : मार्च सिंहासारखा येतो आणि कोकरासारखा जातो. विचिटात मात्र या दोन्ही म्हणींवर विसंबून कोट कपाटात टाकू नका. तिथली थंडी पळते खरी, पण कोपऱ्यावर जाऊन थांबते आणि परत येते.

*शब्दार्थ*
रणरणतं ऊन – अंग भाजेल असं कडक ऊन
पन्हं – कैरीचं गोड-आंबट सरबत
भागणे – पुरेसं होणे
विसंबणे – पूर्ण भरवसा ठेवणे

भाग 2 : मैदान असं का वागतं?

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी एक प्रचंड मैदानी पट्टा आहे. तो दक्षिणेला टेक्ससपासून उत्तरेला थेट कॅनडापर्यंत पसरला आहे. त्याला ग्रेट प्लेन्स म्हणतात. कॅन्सस, नेब्रास्का, ओक्लाहोमा, दोन्ही डकोटा आणि कोलोरॅडोचा पूर्व भाग याच पट्ट्यात येतो. पश्चिमेला रॉकी पर्वत उभा आहे.

भारताचा नकाशा आठवा. उत्तरेला हिमालय आहे. तो पूर्व-पश्चिम पसरलेला आहे, म्हणून मध्य आशियातली बर्फाळ हवा सहजासहजी भारतात शिरत नाही. उत्तरेच्या बाजूला जणू भिंतच आहे. रॉकी पर्वतही मोठा आहे, पण तो उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. त्यामुळे मैदानाच्या उत्तरेला भिंत नाही आणि दक्षिणेलाही नाही. दोन्हीकडची दारं सताड उघडी आहेत.

या उघड्या दारांतून चार प्रकारचे वारे येतात.

उत्तरेकडून कॅनडातली थंड, कोरडी हवा येते.
दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरची उबदार, दमट हवा येते.
नैऋत्येकडून वाळवंटातली गरम, कोरडी हवा येते.
पश्चिमेकडून रॉकी पर्वतावरून खाली उतरणारा वारा येतो.

एका घरात चार पाहुणे आले आणि चौघांचेही स्वभाव वेगळे असले तर काय होईल? भांडण होईल. मैदानात तेच होतं. हे भांडण मार्चमध्येच का वाढतं? 20 मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात. सूर्य वर चढू लागतो आणि टेक्ससमधली जमीन तापते. पण कॅनडात अजून बर्फ असतो. म्हणजे एका टोकाला उन्हाळा आणि दुसऱ्या टोकाला हिवाळा. हा फरक जितका मोठा, तितके वरच्या हवेतले वारे जोरदार आणि तितकी वादळं मोठी.

आता आणखी एक गोष्ट. मैदान सपाट दिसतं, पण ते सपाट नाही. कॅन्ससचा पूर्वेकडचा सर्वांत खालचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे 207 मीटर उंच आहे. पश्चिम सीमेजवळचं माउंट सनफ्लॉवर 1,231 मीटर उंच आहे. म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडंच कमी! पण हा चढ शेकडो किलोमीटरांवर पसरलेला आहे, म्हणून गाडीतून जाताना तो कळतही नाही. वाऱ्याला मात्र कळतो. पूर्वेकडून वारा आला की हवा चढ चढते, थंड होते, ढग बनतात आणि बर्फ पडतो. मैदानाच्या पश्चिम टोकाला असलेल्या डेन्व्हर शहरात सरासरी सर्वांत जास्त बर्फ डिसेंबरात किंवा जानेवारीत पडत नाही, तो मार्चमध्ये पडतो.

उलट, वारा डोंगरावरून खाली आला की हवा दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की सुमारे 10 अंश सेल्सियसने गरम होते. रॉकीच्या पायथ्याशी या वाऱ्याला चिनूक म्हणतात.

*माहीत आहे का?* साउथ डकोटातल्या स्पिअरफिश गावात 22 जानेवारी 1943 रोजी सकाळी साडेसातला तापमान उणे 20 अंश सेल्सियस होतं. दोन मिनिटांनी ते 7 अंश झालं! नऊ वाजेपर्यंत 12 अंश झालं आणि मग अवघ्या 27 मिनिटांत पुन्हा उणे 20. गरम-थंड झाल्यामुळे खिडक्यांच्या काचा तडकल्या. इतक्या वेगाने तापमान वाढल्याची दुसरी नोंद जगात नाही.

एकाच वादळाची दोन रूपंही दिसू शकतात. 13 मार्च 2019 रोजी मैदानावर एक फार मोठं वादळ आलं. कोलोरॅडोत हिमवादळ झालं आणि डेन्व्हरचा विमानतळ बंद ठेवावा लागला. त्याच वादळाने नेब्रास्कात पाऊस पाडला. तिथे जमिनीवर बर्फ होता आणि माती गोठलेली होती, म्हणून पाणी मुरलं नाही. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी एकदम नद्यांत गेलं आणि महापूर आला. दुसऱ्या दिवशी नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं.

*शब्दार्थ*
सताड उघडं – पूर्ण उघडं
दमट – ज्यात पाण्याची वाफ जास्त आहे अशी (हवा)
नैऋत्य – दक्षिण आणि पश्चिम यांच्या मधली दिशा
मुरणे – पाणी जमिनीत आत जाणे
तडकणे – काचेला किंवा मातीच्या भांड्याला चीर जाणे

भाग 3 : गव्हाची परीक्षा

हवा बदलली की आपण कोट घालतो किंवा काढतो. शेतात उभ्या असलेल्या गव्हाला ते करता येत नाही.

कॅन्सस हे अमेरिकेतल्या सर्वांत जास्त गहू पिकवणाऱ्या राज्यांपैकी एक आहे. 1874 मध्ये रशियन साम्राज्यातून आलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी 'टर्की रेड' नावाचा गहू तिथे आणला. हा हिवाळी गहू होता. हिवाळी गव्हाची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. रोप थोडं वाढतं आणि मग थंडीत झोपी जातं. ही थंडी त्याला हवीच असते. थंडी मिळाली नाही तर त्याला ओंबी येत नाही. मार्चमध्ये तो जागा होतो, हिरवागार होतो, आणि जूनमध्ये त्याची कापणी होते.

महाराष्ट्रात गहू रब्बीचं पीक आहे. तो दिवाळीच्या आगेमागे पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कापतात. म्हणजे तिकडे खळ्यावर मळणी चाललेली असते, तेव्हा इकडे कॅन्ससचा गहू डोळे चोळत उठत असतो.

तो उठण्याची वेळच धोक्याची असते. थंडीत गव्हाचा वाढणारा कोंब जमिनीखाली असतो. माती त्याचं पांघरूण असते. तेव्हा बाहेर कितीही बर्फ पडो, त्याला फारसं काही होत नाही. पण मार्चमध्ये आठ-दहा दिवस ऊब मिळाली की गहू फसतो. त्याला वाटतं, वसंत आला. तो कांडी धरतो आणि कोंब जमिनीच्या वर येतो. या अवस्थेत दोन तास जरी तापमान 24 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे 4 सेल्सियसच्या खाली राहिलं, तरी पिकाचं नुकसान होऊ शकतं. पीक पोटरीत आलं की 28 अंशही त्याला सोसत नाहीत. ओंबी बाहेर आली की 30 अंशसुद्धा जड जातात. पीक जितकं पुढे गेलेलं, तितकं ते नाजूक.

म्हणून मैदानातला शेतकरी मार्चमधल्या उबदार आठवड्यावर खूश नसतो. तुम्ही-आम्ही म्हणतो, "वा, काय सुंदर हवा आहे!" तो म्हणतो, "थोडी थंडी राहिली असती तर बरं झालं असतं."

आणि गोठवणारी रात्र येऊन गेल्यावर? लगेच काहीच कळत नाही. आठवडाभर थांबावं लागतं. मग शेतकरी एक काडी उपटून, उभी चिरून कोंब बघतो. कोंब पांढरट-हिरवा आणि टणक असेल तर तो जिवंत आहे. तपकिरी आणि मऊ झाला असेल तर ती काडी गेली.

अशी वाट पाहणं महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यालाही माहीत आहे. तिकडे भीती बर्फाची नसते, गारपिटीची असते. 2014 च्या फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि इतर भागांत मोठी गारपीट झाली. गहू, ज्वारी, द्राक्षं, डाळिंबं झोडपली गेली. कापणीला आलेलं पीक असं गेलं की मराठीत म्हणतात, "हातातोंडाशी आलेला घास गेला." घास हातात आहे, हात तोंडापर्यंत आलाय, आणि तेवढ्यात घास खाली पडला. चित्र डोळ्यांसमोर आणा, मग हा वाक्प्रचार कधी विसरणार नाही.

*शब्दार्थ*
ओंबी – गव्हाचं कणीस
खळं – धान्य मळण्याची जागा
कांडी धरणे – रोपाच्या ताटाला पेरं येऊ लागणे
पोटरीत येणे – ओंबी तयार होऊन पानाच्या आवरणात असणे
अवकाळी – वेळ नसताना येणारा (पाऊस)

भाग 4 : 26 मार्च 1931

हा भाग दुःखद आहे. सावकाश वाचा.

कोलोरॅडो राज्याच्या पूर्व टोकाला, कॅन्ससच्या सीमेजवळ टाउनर नावाचे छोटे गाव आहे. 26 मार्च 1931 रोजी तिथल्या प्लेझंट हिल शाळेत मुले नेहमीप्रमाणे आली. मार्च संपत आला होता, त्यामुळे मुलांच्या अंगावर फारसे जाड कपडे नव्हते. शाळेत आल्यावर हवा झपाट्याने बिघडली. शिक्षकांनी ठरवले की मुलांना बसने घरी पाठवावे. बसमध्ये 20 मुले होती.

हिमवादळ इतके दाट होते की चालकाला रस्ता दिसेना. बस रस्ता सोडून खड्ड्यात अडकली. मुले त्या बसमध्ये सुमारे 33 तास होती. मोठी मुले लहानांना झोपू देत नव्हती. त्यांना उड्या मारायला, हातपाय हलवायला लावत होती, कारण त्या थंडीत झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही, हे त्यांना ठाऊक होते. चालक मदत आणण्यासाठी वादळात चालत निघाला. तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी बस सापडली. पाच मुले दगावली होती. त्यांत चालकाची स्वतःची मुलगीही होती. वाचलेल्या मुलांपैकी 13 वर्षांच्या एका मुलाला पुढे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी व्हाइट हाउसमध्ये बोलावून त्याचा गौरव केला.

त्या दिवशी कोणाजवळ फोन नव्हता, रडार नव्हते, उपग्रह नव्हता. वादळ येत आहे हे त्यांना वादळ आल्यावरच कळले. आज आपल्याला आधी कळते. म्हणून आज नियम असा आहे : हिमवादळात गाडी अडकली तर गाडीतच थांबा. गाडी शोधायला सोपी असते, एकटा माणूस सापडत नाही. इंजिन थोडा थोडा वेळच चालू ठेवा, आणि चालू करण्याआधी मागच्या धुराच्या नळीवरचा बर्फ काढा, नाहीतर विषारी वायू गाडीत शिरतो. आणि मार्च संपेपर्यंत गाडीतून ब्लँकेट, पाणी, खाऊ आणि टॉर्च काढू नका. बाहेर कितीही छान ऊन असलं तरी!

*शब्दार्थ*
झपाट्याने – फार वेगाने
दगावणे – मरण पावणे
गौरव करणे – मोठेपणाने कौतुक करणे

भाग 5 : एका शब्दावरची बंदी

वादळ आधी कळायला लागले ते कसे? त्यातली एक गोष्ट मार्च महिन्यातलीच आहे.

अमेरिकेच्या हवामान खात्याचे अधिकारी अनेक वर्षे 'टोर्नेडो' हा शब्दच अंदाजात वापरत नसत. आधी त्यावर बंदी होती, नंतर तो टाळला जात असे. कारण काय? तो शब्द ऐकून लोक घाबरतील, पळापळ होईल, असे त्यांना वाटत होते. शिवाय टोर्नेडो नेमका कुठे येईल हे सांगता येणार नाही, असाच समज होता.

20 मार्च 1948 च्या रात्री ओक्लाहोमा सिटीजवळच्या टिंकर हवाई दलाच्या तळावर टोर्नेडो आदळला. त्याचा अंदाज कोणी दिला नव्हता. विमानांची मोठी हानी झाली. तळावर अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर हे दोन हवामान अधिकारी होते. त्यांच्या वरिष्ठांनी विचारले, "हे आधी सांगता येईल का?" दोघे कामाला लागले. जुन्या टोर्नेडोंच्या दिवशी हवा कशी होती, याचे नकाशे त्यांनी काढले आणि ते एकमेकांशी ताडून पाहिले.

पाचच दिवसांनी, 25 मार्चला सकाळी, नकाशा पाहून ते चमकले. हवा अगदी 20 तारखेसारखीच होती. दुपारी त्यांनी तळासाठी टोर्नेडोचा अंदाज जाहीर केला. विमाने आत नेली, माणसे सुरक्षित जागी गेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याच तळावर खरोखरच टोर्नेडो आला! विमानांचे नुकसान पुन्हा झाले, पण या वेळी लोक तयार होते.

1950 मध्ये हवामान खात्याने आपल्या कचेऱ्यांना कळवले की टोर्नेडोचा अंदाज देण्यावर बंदी नाही. आज टोर्नेडोच्या शक्यतेवर लक्ष ठेवणारे राष्ट्रीय केंद्र ओक्लाहोमातल्याच नॉर्मन शहरात आहे. लोक शब्द ऐकून घाबरत नाहीत, तर वेळेवर तळघरात जातात. शब्द लपवण्यापेक्षा शब्द सांगणेच बरे, हे असे सिद्ध झाले.

*शब्दार्थ*
तळ – सैन्याचं राहण्याचं आणि कामाचं ठिकाण
ताडून पाहणे – दोन गोष्टी शेजारी ठेवून तुलना करणे
कचेरी – ऑफिस

भाग 6 : आजी-आजोबांना कसं सांगाल?

आता सुरुवातीचा तिसरा प्रश्न. तुमच्या फोनवर इशारा इंग्रजीत येतो. भोंगा काही बोलत नाही, नुसता वाजतो. घरात आई-बाबा नाहीत आणि नागपूरहून आलेले आजी-आजोबा आहेत. त्या वेळी घरातलं हवामान खातं म्हणजे तुम्हीच!

आधी तीन शब्द नीट समजून घ्या.

टोर्नेडो. याला मराठीत 'चक्रीवादळ' म्हणू नका. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलं ते 'निसर्ग' चक्रीवादळ होतं. चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर रुंद असतं आणि काही दिवस चालतं. आजीला 'चक्रीवादळ' म्हटलंत तर ती म्हणेल, "इथे समुद्र कुठाय?" 'वावटळ' म्हटलंत तर तिला वाटेल, धूळ-पाचोळा गोल फिरतोय एवढंच. टोर्नेडो या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. तो ढगातून जमिनीपर्यंत उतरतो, बहुतेक वेळा काही मिनिटंच टिकतो, पण घरं मोडून टाकतो. म्हणून सरळ 'टोर्नेडो' म्हणा आणि एका वाक्यात अर्थ सांगा.

वॉच. म्हणजे टोर्नेडो येण्यासारखी हवा आहे. तयार राहा. पाहुणे येण्याची शक्यता आहे, घर आवरून ठेवा.

वॉर्निंग. म्हणजे टोर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर तशी खूण दिसली आहे. लगेच आत, खाली जा. पाहुणे दारात आलेत!

वॉर्निंगनंतर हातात बहुतेक दहा-पंधरा मिनिटंच असतात, कधी त्याहूनही कमी. हा संवाद दोघा-तिघांनी मोठ्याने वाचा.

नात : आजी, ऊठ. भोंगा वाजतोय. खाली चल.

आजी : अगं, मघाशी तर चांगलं ऊन होतं!

नात : होतं. आता पश्चिमेला बघ, आभाळ कसं काळंकुट्ट झालंय. फोनवर टोर्नेडोची वॉर्निंग आलीये. घरं मोडणारं वादळ असतं ते.

आजोबा : थांब, मी जरा खिडकीतून बघतो.

नात : नको आजोबा, खिडकीजवळ जाऊ नका. तुम्ही आधी खाली चला. काय ते खाली बसून फोनवर बघू.

आजी : गॅसवर दूध आहे गं!

नात : गॅस बंद केलाय मी. तुझ्या गोळ्या आणि चष्मा घेतलाय. पायात चपला घाल, काच फुटली तर लागेल.

आजी : किती वेळ बसायचं खाली?

नात : वॉर्निंग संपेपर्यंत. अर्धा तास धर.

आजोबा : आमच्या नागपुरात मिलचा भोंगा झाला की लोक कामाला निघायचे. इथे भोंगा झाला की तळघरात!

नात : हो आजोबा. जिना जपून उतरा. माझा हात धरा.

लक्ष द्या : नात आजीला 'तू' म्हणते आणि आजोबांना 'तुम्ही'. पुष्कळ मराठी घरांत असंच असतं. तुमच्या घरी आजोबांनाही 'तू' म्हणत असतील, तर 'तू आधी खाली चल' असं म्हणा. घाईतसुद्धा ही रूपं तोंडात बसलेली हवीत, म्हणून मोठ्याने वाचायचं.

घराला तळघर नसेल तर? सर्वांत खालच्या मजल्यावरची, घराच्या मधोमध असलेली, खिडकी नसलेली छोटी खोली शोधा. बाथरूम किंवा कपड्यांची कपाट-खोली चालेल. आज घरी गेल्यावर ती जागा ठरवा आणि घरातल्या मोठ्यांना दाखवा.

भाषेची गंमत : काय 'पडतं' आणि काय 'सुटतं'?

मराठीत हवेतल्या बहुतेक गोष्टी पडतात.

पाऊस पडतो. बर्फ पडतो. गारा पडतात. धुकं पडतं. थंडी पडते. ऊनसुद्धा पडतं!

पण वारा सुटतो. वादळ येतं. आभाळ भरून येतं. वीज चमकते, आणि कुठेतरी कोसळते.

आता सावध. 'पाऊस पडला' म्हणजे पाऊस आला. पण 'वारा पडला' म्हणजे वारा थांबला! आणि पाऊस थोडा वेळ थांबला की म्हणतात, 'उघडीप झाली' किंवा 'पावसाने उघडीप दिली'.

स्वाध्याय

अ. चूक की बरोबर? चूक असेल तर वाक्य दुरुस्त करा.
1. रॉकी पर्वत पूर्व-पश्चिम पसरलेला आहे.
2. डेन्व्हरमध्ये सरासरी सर्वांत जास्त बर्फ मार्चमध्ये पडतो.
3. हिवाळी गव्हाला थंडीची गरज नसते.
4. वॉच आली की लगेच तळघरात जाऊन बसावं लागतं.

आ. आजीसाठी सेल्सियस करा (30 वजा, मग निम्मे) : 28, 50, 86. यांपैकी कोणत्या आकड्याला उत्तर अगदी बरोबर येतं?

इ. योग्य क्रियापद लिहा.
1. काल रात्री खूप थंडी ______.
2. दुपारी एकदम वारा ______ आणि छत्री उलटी झाली.
3. संध्याकाळी वारा ______, म्हणून आम्ही पतंग खाली उतरवला.

ई. एक-दोन वाक्यांत उत्तरं द्या.
1. मार्चमधल्या उबदार आठवड्यावर मैदानातला शेतकरी खूश का नसतो?
2. 1931 च्या बसमधली मोठी मुलं लहानांना झोपू का देत नव्हती?
3. 'टोर्नेडो' हा शब्द अंदाजात का वापरत नसत? तुम्हाला ते कारण पटतं का?

उ. बोला. घरातल्या मोठ्या माणसाला मराठीत विचारा : "तुमच्या लहानपणी गारा पडल्या होत्या का? तेव्हा तुम्ही काय केलंत?" त्यांनी सांगितलेली गोष्ट पाच वाक्यांत लिहून पुढच्या तासाला आणा. आपण त्या सगळ्या वर्गात वाचू.

ऊ. लिहा. तुम्ही राहता तिथे कोणती आपत्ती येऊ शकते? टोर्नेडो, पूर, हिमवादळ, धुळीचं वादळ, आग? ती आली तर आजीला सांगायची पाच छोटी वाक्यं लिहा. सोपी, आज्ञार्थी आणि पटकन म्हणता येतील अशी. कागद फ्रिजवर लावा.

*उत्तरं* (आधी स्वतः सोडवा!)
अ. 1 चूक, उत्तर-दक्षिण. 2 बरोबर. 3 चूक, थंडी मिळाली नाही तर ओंबी येत नाही. 4 चूक, वॉच आली की तयार राहायचं, वॉर्निंग आली की लगेच जायचं.
आ. उणे 1, 10, 28. खरी उत्तरं उणे 2.2, 10 आणि 30. म्हणजे 50 ला उत्तर अगदी बरोबर येतं.
इ. पडली, सुटला, पडला.